‘कसं’ तिला, ‘का’ त्याला

 सकाळची कामं आवरली असतील असं धरून चालते. नसतील आवरली तर हात चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या.

आधी थोडं शब्दांबद्दल. शेजारच्या खोलीतला चार वर्षांचा मुलगा दिवसभर ‘हे काय, ते का’ करत फिरतो. त्याला आपण काय म्हणतो? चौकस. ‘फार चौकस आहे हो, इंजिनीअर होणार बघा.’ त्याने रिमोट उघडून ठेवला तर तो उचापती, आणि तेसुद्धा आपण हसत म्हणतो. आता तेवढ्याच वयाची मुलगी घ्या. प्रश्नही तेच घ्या. ती चोंबडी होते. दोनदा विचारलं तर आगाऊ. मोठ्यांच्या बोलण्यात मध्ये विचारलं तर भोचक. ‘शहाणी’ हा खरं तर किती चांगला शब्द, पण मुलीच्या बाबतीत आपण तो कुठल्या सुरात उच्चारतो ते आठवा. ‘मोठी आली शहाणी!’

आज मला याच वयाबद्दल बोलायचं आहे. अडीच-तीन ते साडेपाच. शाळेचं दप्तर अजून पाठीवर आलेलं नाही, पण तोंड सुरू झालेलं आहे. या वयात मुलींना कुतूहल कमी असतं आणि मुलांना जास्त असतं, असं आपल्यापैकी पुष्कळ जणी मानतात. ‘मुलगी शांत असते, मुलग्याला सगळं फोडून बघायचं असतं.’ हे मी आमच्या बैठकांमध्ये इतक्यांदा ऐकलं की शेवटी म्हटलं, बघू तरी.

मी शिवडीत बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. बी.ए. झाले आहे, तेही मराठी घेऊन, त्यामुळे मी मुलांच्या मनाची डॉक्टर वगैरे नाही. पण आमच्या कामाची एक गंमत आहे. बैठकीला बाई येते तेव्हा पदराला धरून मूल येतं. शाळेत जाणारी शाळेत असतात, म्हणून जी येतात ती नेमकी या वयाची. आम्ही हप्ते मोजत असतो आणि ती सतरंजीखाली, गल्ल्यावर, कुणाच्या पिशवीत. आणि अखंड प्रश्न. गेल्या दिवाळीपासून मी ते प्रश्न लिहून ठेवायला लागले. वेगळी वही नाही घेतली, कर्जवहीच्या मागची कोरी पानं होती, त्यांवर. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला त्याला मिळालेलं उत्तर. कुणाचं मूल ते फक्त माझ्या लक्षात.

काही वाचून दाखवते.

कापूर जळतो, मग त्याची राख कुठे जाते?

कुकर शिट्टी कुणाला मारतो?

समुद्रातल्या पुलाचे पाय कुठे संपतात?

बाळ पोटात गेलं ते कुठल्या दारातून?

मालगाडीला खिडक्या का नाहीत?

बोंबील मेला तरी डोळे मिटत नाही, तो बघतो का?

चपाती फुगते तेव्हा आत कोण फुंकतं?

चंद्र आपल्याबरोबर वडाळ्यापर्यंत येतो, त्याला तिकीट लागत नाही का?

एका बैठकीत हिशेब लवकर संपला, तेव्हा मी हे प्रश्न मोठ्याने वाचले आणि म्हटलं, सांगा, मुलगी की मुलगा? सगळ्या जणी अगदी खात्रीने सांगत होत्या. पुलाचे पाय? मुलगा, दुसरं कोण! ती मुलगी होती. आमच्या शिवडीतूनच तो अटल सेतू समुद्रात शिरतो, २०२४च्या जानेवारीत सुरू झाला. ही पोर आजोबांच्या खांद्यावरून तो बघते. कुकरची शिट्टी? मुलगी, स्वयंपाकघरातला प्रश्न आहे. तो मुलगा होता. बाळ पोटात कसं गेलं? ‘मुलगीच, मुलींना असलं बरं सुचतं.’ तोही मुलगा, त्याला बहीण होणार होती. कापराची राख विचारणारी मुलगी. मालगाडी मुलाची, तेवढं बरोबर आलं. एकूण काय, कधी बरोबर, कधी चूक, छापा-काटा केल्यासारखं. एक काकू शेवटी वैतागून म्हणाल्या, ‘अगं, मग प्रश्नावरून कळतच नाही की!’

नाहीच कळत. मात्र दुसऱ्या बाजूची, म्हणजे उत्तरांची पानं वाचली तर बऱ्याचदा लगेच कळतं.

‘गप्प बस, बाळ उठेल.’ ‘तुला काय करायचंय?’ ‘सासरी जाऊन हेच विचारणार आहेस का?’ हे कुणाला म्हटलेलं असेल ते मी सांगायला नको. आणि मालगाडीवाल्याला काय मिळालं? त्याचे बाबा रविवारी त्याला स्टेशनच्या पुलावर घेऊन गेले. डब्यात माणसं नसतात, माल असतो, म्हणून खिडक्या नाहीत. काही डबे वरून उघडे, काही टाकीसारखे गोल, त्यात तेल असतं, असं सगळं सांगितलं. बापाचं कौतुकच करायला हवं. आठवड्याची एक सुट्टी, त्यात तो तासभर उभा राहिला. मला फक्त विचारायचं आहे की त्याच घरात दोन वर्षांनी मोठी असलेली मुलगी त्या रविवारी कुठे होती. ती घरी धाकट्याला झुलवत होती.

आता कुणी म्हणेल, हे आपल्याकडेच, चाळीतल्या लोकांचं. तसं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये मुलांचं एक संग्रहालय आहे. तिथे खेळत-खेळत विज्ञान बघायचं, खटका दाबायचा, चाक फिरवायचं. आपल्याकडे वरळीला नेहरू विज्ञान केंद्र आहे ना, त्या धर्तीचं. केव्हिन क्राउली, मॉरीन कॅलनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे आलेल्या कुटुंबांचं आपापसातलं बोलणं टिपलं. २००१ साली त्यांनी ते छापलं. आईबाप मुलींशी कमी बोलत होते का? नाही. हे यंत्र कसं चालवायचं, हे मुलीला आणि मुलाला सारखंच सांगत होते. इथे दाब, आता बघ काय झालं, हेही सारखंच. फरक कुठे पडला? ‘असं का झालं’ हे समजावून सांगण्यात. ते मुलांना मुलींच्या तिपटीने सांगितलं जात होतं. आणि हे आईबाप काही मुलीचा दुस्वास करणारे नव्हते. मुलीला हौसेने संग्रहालयात आणणारे होते. त्यांना स्वतःला कळलंही नसेल.

हे मी वाचलं आणि मला आमची स्वयंपाकघरं डोळ्यांपुढे आली. आपण मुलीला ‘कसं’ केवढं शिकवतो! चार वर्षांची पोर सांगते, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायचा. पाच वर्षांची भाकरीचं पीठ किती सैल हवं ते सांगते. नळाला पाणी किती वाजता येतं, कुठला हंडा आधी भरायचा, पाहुणे आले की कुठल्या कपात चहा द्यायचा, सगळं येतं. आपण म्हणतो, किती हुशार आहे, सगळं बघून शिकली. खरंच हुशार आहे. पण शिट्टी का होते, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं, आणि तिने विचारलं तर ‘झाली की बंद कर एवढं पुरे’. ‘कसं’ तिच्या वाट्याला आणि ‘का’ त्याच्या. आणि ‘का’ नुसतंच अडवून ठेवलं की ते हळूहळू विचारणंही थांबतं.

मुलग्यांचंही सगळं छान चाललेलं नाही बरं का. चपाती फुगते तेव्हा आत कोण फुंकतं, हा प्रश्न एका मुलाचा होता. त्याला आजी म्हणाली, ‘तुझं इथे काय काम? बाहेर जाऊन खेळ.’ त्यालाही ‘का’ मिळालं नाही, कारण तो चुकीच्या खोलीत उभा होता. स्वयंपाकघरासारखी प्रयोगशाळा दुसरी नाही आणि आपण अर्ध्या पोरांना तिथून हाकलतो. उरलेल्या अर्ध्यांना तिथे ठेवतो, पण कामाला.

सगळा फरक आपणच करतो आणि मुलं मुळात अगदी एका साच्यातली असतात, असंही मी म्हणत नाही. काही पोरं धावत सुटणारी, काही एका जागी बसून मुंग्या बघणारी. पण मुंग्या बघणारे मुलगे मी पाहिलेत आणि स्टूलवर चढून फ्यूजच्या डबीला हात घालणारी मुलगीही पाहिली आहे. तिच्या आईला त्या दिवशी घाम फुटला होता. एका मुलीत आणि दुसऱ्या मुलीत जेवढा फरक दिसतो, तेवढा ‘मुली’ आणि ‘मुलगे’ असे दोन ढीग केल्यावर मला दिसत नाही.

जागेचा फरक मात्र दिसतो. शिवडीची बी.डी.डी. चाळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना माहीत आहे. एकशेसाठ चौरस फुटांची खोली, बाहेर सामायिक व्हरांडा. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथे पुनर्विकासाचं काम लागलं, आमची चाळ पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर म्हणून मागे राहिली, पण तो विषय आज नको, त्यावर बोलायला लागले तर वेळ पुरणार नाही. सांगायचं एवढंच की चार वर्षांच्या मुलीचं जग त्या व्हरांड्याच्या टोकाशी संपतं. जिन्याखाली उतरली की हाक येते. मुलगा खाली गल्लीत, गल्लीतून मैदानात. त्याला रोज नवीन काहीतरी दिसतं. कुणी टायर बदलतोय, कुणी गटार उपसतोय, मांजरीला पिल्लं झाली. जे दिसतं त्याचाच प्रश्न पडतो. मग व्हरांड्यातल्या मुलीचे प्रश्न माणसांचे होतात. ही काकू का रडते, ते आजोबा फोटोत का गेले, त्या मावशीला बाळ का नाही. आणि मग आपण म्हणतो, मुलींना असल्याच चौकशा! अहो, तिच्यासमोर आपण दुसरं काय ठेवलं आहे?

मुलीला खाली पाठवायची भीती वाटते, ती खोटी नाही. आमच्याकडे बंदराचे ट्रेलर दिवसरात्र धावतात. इतर भीती तर बोलूनच दाखवायला नको. पण तीन वर्षांच्या पोराला तरी ट्रेलर ओळखतो का? एकट्याने खाली दोघांनीही जायचं नाही, आणि मोठ्या माणसाचं बोट धरून दोघांनीही जायचं. यात कुणाचं काही बिघडत नाही.

एक अडचण आमच्या बायका नेहमी सांगतात. ‘ताई, आम्ही आठवी-नववी शिकलेल्या. पोरीला काय उत्तर देणार? शाळेत गेली की बाई सांगतील.’ याचं उत्तर मला एका जुन्या पुस्तकात सापडलं. बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूझ या दोघांनी इंग्लंडमध्ये चार वर्षांच्या तीस मुलींचं बोलणं टेप केलं, घरी आईशी आणि बालशाळेत बाईंशी. मुद्दाम सगळ्या मुलीच घेतल्या होत्या, निम्म्या कामगारांच्या घरातल्या, निम्म्या शिकल्यासवरलेल्यांच्या. पुस्तक १९८४ साली आलं. घरी या मुली तासाला सरासरी सव्वीस प्रश्न विचारत होत्या. बालशाळेत? दोन. तेच तोंड, तीच मुलगी. आणि कामगारांच्या घरांतल्या आयासुद्धा भांडी घासताना, बाजाराची यादी करताना लेकीशी खूप काही बोलत होत्या, समजावत होत्या. तेव्हा ‘शाळेत गेली की बाई सांगतील’ हे मनातून काढा. बाईंकडे पंचवीस पोरं असतात. तिथे मुलगी दोन प्रश्न विचारेल. सव्वीस तुम्हालाच विचारणार आहे, तुम्ही विचारू दिलेत तर.

शाळेच्या उंबरठ्यावर काय होतं तेही ऐका. २०१७ साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांचं एक काम प्रसिद्ध झालं. लहान मुलांना त्यांनी एका ‘खूप खूप हुशार’ माणसाची गोष्ट सांगितली. ती व्यक्ती बाई की पुरुष, हे गोष्टीत नव्हतं. मग फोटो दाखवून विचारलं, यातलं कोण असेल? पाच वर्षांच्या मुलींनी बायकांकडे बोट दाखवलं, मुलांनी पुरुषांकडे. आपापल्या बाजूने, सारखंच. सहा-सात वर्षांच्या मुलींचं बोट मात्र बायकांकडे जायचं कमी झालं. आणि ‘हा खेळ खूप हुशार मुलांसाठी आहे’ असं सांगितलं की त्या वयाच्या मुलींना त्या खेळात रस कमी. पाच आणि सहा यांच्यामध्ये एकच वाढदिवस येतो. त्या एका वर्षात मुलीची अक्कल कमी झाली नाही. तोवर जे कानावर पडत गेलं त्याचा हिशेब तिने केला.

हा विषय आपल्या मुंबईला नवा नाही. दादरला ताराबाई मोडकांनी १९३६ साली शिशुविहार सुरू केलं. मूल म्हणजे रिकामं मडकं नाही, त्याला हात लावून, बघून, विचारून शिकायचं असतं, हे तेव्हा त्या सांगत होत्या. पुढे त्यांना वाटलं की हे फक्त शहरातल्या बऱ्या घरच्या मुलांपुरतं राहतंय. म्हणून १९४५मध्ये त्या बोर्डीला गेल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या होत्या. अशा मुलीने त्या काळात काय प्रश्न विचारायचे आणि कुणाला! त्या शिकल्या आणि आयुष्य मुलांमध्ये घालवलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेऊ, ही अंगणवाडीची कल्पना याच दोघींच्या कामातून आली. १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आदिवासी घरांमधल्या मोठ्या मुली शाळेत येऊ शकत नव्हत्या, कारण कडेवर भावंड होतं. म्हणून तिथे पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र केली. आधी कडेवरचं बाळ खाली उतरवलं. मुलीला शिकायची आवड नाही, असा निष्कर्ष काढून त्या मोकळ्या झाल्या नाहीत. तिचे हात कशात अडकले आहेत ते पाहिलं. मालगाडीच्या रविवारी झुलवत बसलेली आमची मुलगी आठवली ना?

सरकारची एकात्मिक बालविकास योजना १९७५मध्ये २ ऑक्टोबरला सुरू झाली, आणि मुंबईत तिची सुरुवात धारावीत झाली. आज आपल्या प्रत्येक वस्तीत अंगणवाडी आहे. ती फुकट आहे. आणि इथेच आमच्या बचत गटाचा संबंध येतो.

आमच्या एका गटात एका ताईंनी कर्ज मागितलं. मुलगा तीन वर्षांचा, त्याला इंग्रजी नर्सरीत घालायचं होतं. फी, गणवेश, दप्तर, बूट. मुलगी पाच वर्षांची, ती अंगणवाडीत. कुणीतरी विचारलं, हिला का नाही तिथे घातलं? ताई म्हणाल्या, ‘ती रमते हो अंगणवाडीत. आणि एकाचीच ऐपत आहे.’ ऐपत एकाचीच, हे खरं होतं. घरात येणारा पैसा आम्हा सगळ्यांना माहीत होता. पण तो एक कोण, हे कधी ठरलं, ते कुणालाच आठवत नव्हतं. न बोलताच ठरून गेलं होतं.

हे त्या एकट्या ताईंचं नाही. २०१९ साली ‘असर’ या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातली लहान मुलं पाहिली होती. चार-पाच वर्षांच्या मुलग्यांपैकी शंभरांत जवळजवळ ५० खासगी बालवाडीत किंवा शाळेत होते, मुलींपैकी ४३. म्हणजे पहिलीच्या आधीच पैसा कुणावर लावायचा ते घरांनी ठरवलेलं आहे.

त्या दिवशी चर्चा बरीच तापली. एक जण म्हणाली, पैसा तिचा, घर तिचं, गटाने नाक खुपसू नये. दुसरी म्हणाली, मग कर्जाचं कारण वहीत लिहितोच कशाला? कर्ज मंजूर झालं. मी विरोधात नव्हते. माझं स्वतःचं मत विचाराल तर ती मुलगी अंगणवाडीत आहे याचं मला वाईट वाटत नाही. तिथल्या सेविका मुलांना मातीत हात घालू देतात, गाणी म्हणतात, डाळी-कडधान्यं निवडायला देऊन मोजायला शिकवतात. तीन वर्षांच्या मुलाला रेघेवर ए-बी-सी गिरवायला बसवणाऱ्या पुष्कळ नर्सऱ्यांपेक्षा ते मला बरं वाटतं. तिथे ‘का’ विचारायला वेळच नसतो. पण मुलीला हे सगळं कुठे ठाऊक? माझ्या वहीत तिचा त्या महिन्यातला प्रश्न आहे : ‘त्याच्या दप्तरात काय असतं?’ उत्तराच्या बाजूला आईने सांगितलेलं लिहिलं आहे : ‘हात लावू नको, नवीन आहे.’

पुढच्या महिन्यात आम्ही एक साधी गोष्ट केली. दर बैठकीत पहिली दहा मिनिटं मुलांची. प्रत्येक बाईने आपल्या मुलाचा किंवा मुलीचा एक प्रश्न आणायचा आणि सगळ्यांनी मिळून त्याचं उत्तर शोधायचं. मोबाइलवर बघा, नवऱ्याला विचारा, अंगणवाडीताईंना विचारा. माहीत नसेल तर ‘मला माहीत नाही, बघूया’ असं मुलांसमोर म्हणायचं. यात लाज कसली?

कापराची राख आम्ही अशीच शोधली. कापूर लाकडासारखा जळत नाही. तापला की तो पातळ न होता थेट वाफ होतो, आणि ती वाफ पेटते, म्हणून मागे काही उरत नाही. डबीचं झाकण उघडं राहिलं तर कापूर आपोआप कमी होतो ना, तेही त्यामुळेच. हे कळल्यावर आमच्यातल्या साठ वर्षांच्या एक आजी म्हणाल्या, ‘मी आयुष्यभर वाण्याला शिव्या घातल्या, डबी अर्धी भरून देतो म्हणून.’ आणि कुकर? आत पाण्याची वाफ कोंडते, तिला जागा पुरत नाही, ती वजन उचलून बाहेर पडते. चपातीतही वाफच फुंकते. एकदा वाफ कळली की तीन प्रश्न सुटले. आपण शिकलेल्या नाही म्हणता, आणि वाफेवर तर आपला सगळा संसार चालतो.

सगळ्यांत सुंदर उत्तर मात्र कोळीवाड्यातल्या एका आजींनी दिलं, आणि त्या कधी शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांची चार वर्षांची नात शिवडीच्या जेट्टीवर उभी राहून म्हणाली, ‘आजी, काल इथे पाणी होतं, आज कुठे गेलं?’ आजींनी तिला बोटांवर शिकवलं. अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती बाराच्या सुमाराला. मग दर तिथीला पाऊण-पाऊण तास पुढे. अष्टमीला बाराला ओहोटी, भरती संध्याकाळी सहाला. कोळी बायकांना हे घड्याळ पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे. नात आता ‘आज कुठली तिथी’ विचारून पाणी असेल की नसेल ते सांगते, आणि बरोबर येतं. पण तिने पुढे विचारलंच, ‘पण का?’ आजी म्हणाल्या, ‘चंद्राशी काहीतरी आहे बाय, माझा बाप सांगायचा. तुझ्या बचत गटाच्या मावशीला विचारू.’ आणि खरोखर दोघी माझ्याकडे आल्या. ‘चोंबडी’ नाही, ‘आगाऊ’ नाही. नातीचा प्रश्न हाताला धरून, रस्ता ओलांडून दुसऱ्याच्या दारात आणला. चंद्र समुद्राचं पाणी आपल्याकडे ओढतो, आणि चंद्र रोज थोडा उशिरा उगवतो म्हणून भरतीही रोज थोडी उशिरा, असं मी सांगितलं. तिने विचारलं, ‘मग माझ्या पेल्यातलं का नाही ओढत?’ ते सांगताना माझी चांगलीच कसरत झाली. पेला फार छोटा, समुद्र केवढा तरी मोठा, इथवर आम्ही आलो. बाकीचं अजून वहीत बाकी आहे.

तर आता येत्या संकष्टीचा बेत सांगते. संकष्टीला भरती दुपारी तीनच्या आसपास येते, म्हणजे ओहोटी सकाळी नऊच्या आसपास. शिवडीच्या खाडीत सध्या रोहित पक्षी आलेले आहेत. साधारण दिवाळीनंतर येतात आणि मेपर्यंत असतात. ओहोटीला चिखल उघडा पडतो, त्यात ते चोच उलटी घालून चरतात. पाणी चढायला लागलं की काठाकडे सरकतात, तेव्हा चांगले दिसतात. म्हणून आपण दहाला स्टेशनच्या पूर्वेला जमायचं. ज्यांची मुलं अंगणवाडीच्या वयाची आहेत त्यांनी मुलं आणायची, मुलगेही आणि मुलीही. धाकट्या बाळांना सांभाळायला आमच्या दोन आजी चाळीतच थांबणार आहेत, तेव्हा कडेवरचं बाळ हे कारण चालणार नाही. टोपी आणि पाण्याची बाटली आणा. उपवासाचं खायला मी आणते.

आणि पक्षी गुलाबी का, असं कुणी विचारलं तर ते आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे तिथे गडबड नको. रोहिताचं पिल्लू राखाडी असतं. चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव खाऊन-खाऊन त्याचा रंग चढतो. गाजरात जो रंग असतो ना, त्याच जातीचा. हे ऐकल्यावर परवा एका मुलीने विचारलं, ‘मग मी गाजर खाल्लं तर?’ तिची आई म्हणाली, ‘खाऊन बघ.’ चार दिवस झाले, पोर रोज सकाळी आरशात बघते आहे.